उंचसखल भूमीचे सुख : पॅरिसचे ब्यूत-शोमाँ उद्यान

प्लास्टर ऑफ पॅरिस हा पदार्थ महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. गणेशोत्सवाच्या आधी मूर्तिकारांच्या कारखान्यांतून त्याची पोती रिती होतात, हाड मोडलेल्या माणसाच्या हातापायाला इस्पितळात त्याचाच लेप दिला जातो, आणि नव्या घरांची छते त्याच्याच नक्षीने सजतात. परंतु ज्या शहराचे नाव या पांढऱ्या भुकटीला कायमचे जडले, त्या शहराने तिच्यासाठी आपल्याच वेशीवरच्या टेकड्या शतकानुशतके पोखरून काढल्या, आणि पोखरून झाल्यावर उरलेल्या एका भकास खाणीचे रूपांतर अशा उद्यानात केले की जेथे आज दीडशेहून अधिक वर्षे कष्टकऱ्यांची कुटुंबे सुटीचा दिवस आनंदात घालवीत आली आहेत, ही हकीकत आपल्याकडे फारशी परिचित नाही. त्या उद्यानाचे नाव ब्यूत-शोमाँ. पॅरिसच्या ईशान्य भागात, एकोणिसाव्या पेठेत, सुमारे पंचवीस हेक्टर म्हणजे बासष्ट एकरांच्या आसपास त्याचा विस्तार आहे.

पॅरिसच्या उत्तरेस व ईशान्येस ज्या टेकड्या आहेत, त्यांच्या पोटात जिप्समचे जाड थर आहेत. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात उथळ खाजणे होती. समुद्राचे पाणी आत येई, उन्हाने आटे, आणि आटताना त्यातील क्षार तळाशी बसत. अशा असंख्य आवर्तनांतून जिप्सम आणि चुनखडीमिश्रित चिकणमाती यांचे एकाआड एक थर साचत गेले. मोंमार्त्रच्या टेकडीतील अशाच थरांत सापडलेल्या प्राचीन सस्तन प्राण्यांच्या अस्थींचा अभ्यास करून क्यूव्हिए या प्रकृतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नामशेष प्राण्यांच्या शास्त्राला भक्कम पाया दिला. हा दगड भट्टीत साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजला की त्यातील पाण्याचा बहुतेक अंश उडून जाऊन मऊ भुकटी उरते, आणि त्या भुकटीत पुन्हा पाणी कालवले की ती थोड्याच वेळात घट्ट होऊन बसते. लाकडी सांगाड्याच्या घरांना आगीपासून वाचवण्यास या गिलाव्यासारखा उपाय नव्हता. १६६६ साली लंडन शहर आगीत भस्मसात झाले. त्याच्या पुढल्याच वर्षी चौदाव्या लुईच्या सरकारने पॅरिसमधील लाकडी बांधणीच्या घरांना गिलावा करण्याचा हुकूम काढला, आणि तेव्हापासून या दगडाची मागणी कधी कमी म्हणून झाली नाही. शहर वर चढत गेले आणि त्याच्या वेशीवरच्या टेकड्या आतून रित्या होत गेल्या.

ज्या जागेवर आज हे उद्यान आहे, तिच्याइतकी बदनाम जागा पॅरिसच्या आसपास क्वचितच असेल. मध्ययुगात तिच्या नजीकच मोंफोकाँ येथे राजाज्ञेने चालणारा वधस्तंभ होता व फाशी दिलेल्यांची प्रेते तेथे दिवसचे दिवस लटकत ठेवीत. पुढे त्याच परिसरात शहरातला मैला आणून टाकण्याचे खड्डे आणि म्हाताऱ्या घोड्यांची कत्तल करणारे कारखाने आले. १८१४ च्या मार्च महिन्यात नेपोलियनविरुद्ध दोस्त राष्ट्रांच्या फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा या उघड्या टेकड्यांवर निकराची लढाई झाली. खाणींमुळे जमीन ठिकठिकाणी खचलेली, मातीत क्षार इतके की झाडझुडूप रुजत नसे, आणि सोडून दिलेल्या भुयारांचा आश्रय घेणारे लोक बहुधा निराश्रित किंवा कायद्याला चुकवणारे. शहरातला सुखवस्तू माणूस त्या बाजूला फिरकत नसे.

१ जानेवारी १८६० रोजी बेलव्हिल, ला व्हिलेत इत्यादी भोवतालची गावे पॅरिसच्या हद्दीत सामील करण्यात आली, आणि ही ओसाड खाण एका रात्रीत शहराची जबाबदारी बनली. त्या काळी फ्रान्सवर तिसऱ्या नेपोलियनचा अंमल होता. हद्दपारीची काही वर्षे लंडनमध्ये काढलेल्या या बादशहावर तेथील हाइड पार्कचा मोठा प्रभाव पडला होता, आणि पॅरिसच्या सर्व दिशांना, सर्व थरांतील रयतेसाठी उद्याने असावीत असा त्याचा आग्रह होता. राजधानीचा कारभार पाहणारा प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य अंमलदार, बॅरन ओस्मान याने पश्चिमेस बुआ द बुलोन्य आणि पूर्वेस बुआ द व्हाँसेन ही विस्तीर्ण वनोद्याने सिद्ध केली होतीच. आता उत्तरेकडील कामकरी वस्तीसाठी तजवीज करावयाची होती. या धोरणामागे केवळ भूतदया नव्हती. असंतुष्ट वस्ती शांत राहावी आणि शहराचे वैभव परदेशी पाहुण्यांच्या डोळ्यांत भरावे हेही हेतू त्यात होते. तथापि राज्यकर्त्याच्या मनात काय होते यापेक्षा लोकांच्या पदरात काय पडले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हे काम ज्याच्या हवाली झाले तो झाँ-शार्ल आदोल्फ आल्फाँ हा मूळचा स्थापत्यविशारद. १८१७ साली ग्रनोब्ल येथे त्याचा जन्म झाला, रस्ते व पूल यांचे शिक्षण देणाऱ्या सरकारी विद्यालयात त्याची घडण झाली, आणि बोर्दो येथील त्याची कामगिरी पाहून ओस्मानने त्याला राजधानीत बोलावून घेतले. वृक्षवेलींची जबाबदारी बारिये-देशाँ या उद्यानशास्त्रज्ञाकडे, इमारतींची गाब्रिएल दाव्हियू या वास्तुशिल्पज्ञाकडे, आणि पाण्याची सोय बेल्ग्राँ या जलविद्यातज्ज्ञाकडे होती. आल्फाँच्या जागी एखादा सावध मनुष्य असता तर त्याने खाण भरून काढून, वर सपाट मैदान करून, त्यावर चार रांगांत झाडे लावून खर्चाचा हिशेब दफ्तरी दाखल केला असता. आल्फाँने नेमके उलट केले. दगड काढताना माणसांनी जे कडे तासले होते, जी विवरे पाडली होती आणि जो उंचसखलपणा निर्माण केला होता, तोच त्याने या उद्यानाचा मुख्य विषय ठरवला.

१८६४ साली कामास आरंभ झाला. हजार मजूर राबत होते. सुरुंगाच्या दारूने कडे फोडून त्यांना हवा तो आकार देण्यात आला. नापीक जमिनीवर पसरण्यासाठी सुमारे दोन लाख घनमीटर सुपीक माती बाहेरून आणावी लागली आणि तिच्या वाहतुकीसाठी तात्पुरता लोहमार्ग टाकावा लागला. खाणीच्या तळाशी दीड हेक्टरांचे सरोवर खोदण्यात आले. जिप्सम पाण्यात विरघळत असल्यामुळे सरोवर आणि ओढे साध्या मातीत ठेवून चालणार नव्हते. काँक्रीटचे अस्तर देऊन त्यांचे पाणी खालच्या दगडापासून अलग ठेवावे लागले. उर्कच्या कालव्यातून पंपांनी उपसून वर चढवलेले पाणी उतारावरून ओढ्यांच्या रूपाने खाली येऊन सरोवरास मिळावे अशी योजना झाली. १ एप्रिल १८६७ रोजी, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्याच दिवशी, हे उद्यान लोकांसाठी खुले झाले.

सरोवराच्या मधोमध जो उंच खडक उभा आहे, तो या उद्यानाचा प्राण होय. पाण्याच्या पातळीपासून निदान तीस मीटर उंच असा हा कडा खाणीच्या मूळ दगडातून कोरून, काही ठिकाणी चिरेबंदी आणि सिमेंट यांचा आधार देऊन उभा केलेला आहे, आणि त्याच्या माथ्यावर दाव्हियूने इटलीतील तिवोली येथील प्राचीन देवालयाच्या धर्तीवर एक लहानसा वर्तुळाकार मंडप बांधला आहे. तेथे उभे राहिले म्हणजे पश्चिमेस मोंमार्त्रची टेकडी आणि तिच्यावरील शुभ्र साक्रे-कर मंदिर स्पष्ट दिसते. या बेटावर जाण्यास दोन पूल आहेत. एक सुमारे ६३ मीटर लांबीचा झुलता पूल असून त्याचे श्रेय परंपरेने गुस्ताव आयफेल याला दिले जाते. दुसरा दगडी, आखूड, परंतु पाण्यापासून पुष्कळच उंचावर. दुसऱ्या एका कड्याच्या पोटात जुन्या खाणीचे जे तोंड शिल्लक होते, त्याची आल्फाँने वीस मीटर उंच आणि चौदा मीटर रुंद अशी गुहा केली, तिच्या छतातून कृत्रिम लोंबकळे पाषाण सोडले आणि वरून धबधबा आणून पाडला. उन्हाळ्याच्या दुपारी या गुहेत शिरणाऱ्यास बाहेरील उकाड्याचा विसर पडतो.

गुहेतले लोंबते दगड खोटे, पायवाटांच्या कडेचे लाकडी वाटणारे कठडे सिमेंटचे, ओढ्याचा उगम पंपात, आणि डोंगर सुरुंगाने घडवलेला. मग या सर्वाला निसर्ग म्हणावे तरी कसे, असा आक्षेप रसिकांनी वेळोवेळी घेतला आहे. मला तो पटत नाही. ज्या भूमीवर निसर्गाचे काही शिल्लकच उरले नव्हते, तेथे माणसाने आपल्या हाताने जे मोडले त्याचीच सामग्री घेऊन पुन्हा काही घडवावे, यात फसवणूक कसली? सिमेंटच्या त्या कठड्यांवर फांदीच्या गाठी आणि सालीच्या रेषा कोरणाऱ्या गवंड्यांनी आपले काम मन लावून केले आहे, आणि त्यावर हात टेकून चढणाऱ्या वृद्धाला आधार खराच मिळतो. शिवाय दीडशे वर्षांत वृक्षांनी आपला हक्क प्रस्थापित केला आहेच. लेबनानचे देवदार, गिंको, पूर्वेकडील चिनार, महाकाय सिकोया, आणि १८७३ साली लावलेला, पाण्यावर झुकलेला एक जपानी सोफोरा हे आता त्या भूमीचे जुने रहिवासी आहेत.

परंतु या उद्यानाची खरी थोरवी पाहावयाची तर ती तेथे येणाऱ्या माणसांत पाहावी. पॅरिसमधील जुनी राजेशाही उद्याने, उदाहरणार्थ त्युइलेरी किंवा लुक्सांबूर, ही सपाट, रेखीव आणि शिस्तीची आहेत; तेथे मनुष्य आखलेल्या मार्गाने चालतो, खुर्चीवर बसतो, आणि हिरवळीकडे बहुतांशी दुरून पाहतो. ब्यूत-शोमाँमध्ये हिरवळीवर पाऊल टाकण्यास मज्जाव नाही. तेथील हिरवळी उतरत्या आहेत, इतक्या उतरत्या की त्यांवर आडवे झालेल्या माणसाला डोके उचलावे न लागता समोरचे सरोवर, खडक आणि आकाश एकाच दृष्टिक्षेपात दिसते. उघड्यावरच्या नाट्यगृहातील पायऱ्यांवर प्रेक्षक बसावेत तशी माणसे त्या उतारावर एकमेकांच्या वरखाली पसरलेली असतात, आणि पुढल्याच्या डोक्याने मागल्याची नजर अडत नाही. ऊन पडले की आसपासच्या लहान लहान घरांत राहणारी कुटुंबे शिदोरी घेऊन येतात, सतरंज्या अंथरतात, आणि संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. बेलव्हिलच्या वस्तीत उत्तर आफ्रिकेतून आलेले लोक आहेत, चिनी आहेत, यहुदी आहेत, अनेक पिढ्यांचे पॅरिसकर आहेत. त्या सर्वांच्या शिदोऱ्या एकाच उतारावर सुटतात.

सकाळचा प्रहर व्यायाम करणाऱ्यांचा. सपाट शहरात राहणाऱ्या माणसाला चढण मिळणे दुर्मीळ असते, आणि येथे तर पाच किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते व त्याखेरीज पायवाटा सतत वर चढत, खाली उतरत, वळणे घेत जातात. त्यामुळे धावणारे लोक दूरदूरच्या वस्त्यांतून येथे येतात आणि ज्या उतारांवरून कधी काळी दगडांच्या गाड्या ओढल्या जात, तेथे आपला दम आजमावतात. एखाद्या झाडाखाली संथ चिनी व्यायाम करणारे वृद्ध दिसतात. मुलांसाठी गिन्योल या पारंपरिक बाहुल्यांचा खेळ आहे, आणि याहीपेक्षा मोठे आकर्षण म्हणजे धबधब्याच्या तुषारांत मनसोक्त भिजण्याची संधी. पाण्यावर बदके आणि करढोक वावरतात. संध्याकाळी जुन्या उपाहारगृहांत तरुणांची गर्दी होते. हिवाळ्यात मात्र हिरवळीला विश्रांती देण्याची पॅरिस नगरपालिकेची वहिवाट आहे. गवताला पुन्हा धरण्यास अवधी मिळावा म्हणून ती काही महिने बंद ठेवतात, आणि लोक तो नियम मुकाट्याने पाळतात. सार्वजनिक वस्तू टिकवावयाची तर तिचा उपभोग कधी थांबवावा याचाही नियम असावा लागतो, ही गोष्ट आपल्या नगरपालिकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

चालण्याचे सुख आणि चढण्याचे सुख यांत मला मोठा भेद वाटतो. सपाट बागेत प्रवेश करताच तिचे सर्व रहस्य डोळ्यांपुढे उलगडते. चढउताराच्या भूमीत प्रत्येक वळणावर काही लपलेले असते आणि काही नव्याने प्रकट होते, त्यामुळे पंचवीस हेक्टर जागा पन्नास हेक्टरांइतकी भासते. खालून पाहिलेला मंडप आणि मंडपातून पाहिलेले सरोवर ही दोन निराळी दृश्ये आहेत, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास शरीराला जे थोडे कष्ट पडतात, त्यांनीच दुसऱ्याची गोडी वाढते. ही देणगी खाणीची आहे. खाण बुजवली असती तर ही देणगीही बुजली असती.

या भूमीने दुःखही पाहिले आहे. उद्यान खुले होऊन चारच वर्षे लोटली असता, १८७१ च्या मे महिन्यात, पॅरिसच्या कम्यूनचा, म्हणजे शहरातील बंडखोर लोकसत्तेचा, पाडाव करताना सरकारी फौजांनी या टेकड्या लढून घेतल्या, आणि मारल्या गेलेल्यांचे देह या हिरवळींवर आणून टाकण्यात आले. तो दगडी उंच पूल पुढे आत्मघात करणाऱ्यांमुळे कुप्रसिद्ध झाला. लुई आरागाँ या लेखकाने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला आहे. पुलावर आता संरक्षक जाळी आहे. उद्यानाच्या एका कडेने खोल खंदकातून पेतित सँत्यूर नावाचा जुना वर्तुळाकार लोहमार्ग जातो, त्यावरील उतारूंची वाहतूक १९३४ मध्ये थांबली, आणि आज त्या रुळांमध्ये रानटी झाडोरा माजला आहे.

खाणीवर उभे केलेले उद्यान एकदा बांधून सोडून देता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. जिप्समची झीज चालूच असते. पावसाचे पाणी झिरपते, पोकळ्या वाढतात, कडे सैल होतात. पॅरिसखालच्या खाणींवर देखरेख ठेवण्यासाठी सोळाव्या लुईच्या कारकिर्दीत, १७७७ साली, स्वतंत्र सरकारी खाते स्थापन झाले. ते आजही कार्यरत आहे आणि कोणत्या रस्त्याखाली किती पोकळी आहे याचे नकाशे सांभाळते. उद्यानाशेजारून भुयारी रेल्वे नेताना विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंत्यांना असा अनुभव आला की जमिनीखाली जमीनच नाही. दान्यूब नावाचे तेथील स्थानक भक्कम थरापर्यंत नेलेल्या खोल खांबांवर उभारावे लागले. उद्यानातील कडे आणि ओढे यांची डागडुजीही वारंवार करावी लागते, आणि तशा वेळी काही भाग लोकांना बंद ठेवावा लागतो. शहराने हा खर्च पिढ्यान्‌पिढ्या सोसला, म्हणूनच उद्यान टिकले.

असा प्रयोग केवळ पॅरिसलाच साधला असेही नाही. शिकागो शहरातील स्टर्न्स नावाची चुनखडी दगडाची खाण बंद पडल्यावर काही काळ बांधकामाच्या राड्यारोड्याने भरली जात होती. २००९ साली तिचे उद्यान झाले, आणि खाणीच्या उघड्या भिंतींमधल्या तळ्यात आज मुले गळ टाकून बसतात. कॅनडातील व्हँकूव्हर येथील क्वीन एलिझाबेथ उद्यानाचे उदाहरण तर आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तेथील टेकडीतून शहराच्या प्रारंभीच्या रस्त्यांसाठी जो दगड काढला तो बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा त्याच जातीचा. जिप्समसारखा तो पाण्यात विरघळत नाही, त्याचे कडे अधिक काळ उभे राहतात, आणि आल्फाँला ज्या अडचणींशी झगडावे लागले त्यांतील निम्म्याअधिक अडचणी या दगडात उद्भवतच नाहीत.

आपल्या शहरांच्या वेशीवर खडीसाठी फोडलेल्या टेकड्या आज ठायी ठायी दिसतात. पावसाळ्यात त्यांच्या खड्ड्यांत पाणी साचते, पोहण्यास गेलेली मुले त्यात बुडतात, उन्हाळ्यात शहराचा कचरा तेथे येऊन पडतो, आणि अखेरीस कोणी तरी ती जागा भरून काढून तिच्यावर इमारती उठवतो. गौण खनिजाच्या उत्खननाचा परवाना देताना सरकार स्वामित्वधन वसूल करते. त्याच वेळी खाण संपल्यावर त्या जागेचे काय होणार याचा नकाशा मागून घ्यावा, कडे कोणत्या उताराने सोडावयाचे आणि पाणी कोठे साठू द्यावयाचे हे करारातच नमूद करावे, आणि वसुलीचा काही भाग त्या कामासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. धोकादायक कड्यांना कुंपण घालणे व खोल पाण्याभोवती राखणदार नेमणे यासाठी तर तोवर थांबण्याचे कारणच नाही. वाचकांनी आपापल्या गावाशेजारची बंद पडलेली खाण एकदा जाऊन पाहावी, ती कोणाच्या मालकीची आहे आणि ती बुजवण्याचा ठराव कोणापुढे आहे काय, याची तहसील कचेरीत चौकशी करावी, आणि तसा ठराव असल्यास त्यावर आपली हरकत लेखी नोंदवावी.